मालट्रक, रस्ता आणि न्यायालय : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात मोटार अपघात कायद्याची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना :

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईकडे निघालेली एक खासगी प्रवासी बस आणि एक मालट्रक यांची नाशिक येथे धडक झाली. बसने पेट घेतला आणि १२ जणांचा मृत्यू झाला. अपघात नाशिकचा, प्रवासी विदर्भातले, वाहनांचे मालक आणि विमा कंपन्यांची कार्यालये आणखी कुठली. अशा वेळी मृताच्या वारसांनी दाद कोठे मागावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. १९९४ पूर्वी त्याचे उत्तर एकच होते, ते म्हणजे जेथे अपघात घडला तेथील न्यायाधिकरण. यवतमाळच्या विधवेने प्रत्येक तारखेला नाशिक गाठावे, असाच त्याचा अर्थ होई. १९९४ च्या दुरुस्तीने दावेदाराला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुभा मिळाली. कायद्यातील एका पोटकलमाचा बदल एखाद्या कुटुंबाच्या आयुष्यात किती अंतर कमी करू शकतो, याचे हे उदाहरण होय.

मोटार अपघाताच्या कायद्याचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने विधी महाविद्यालयांतून होतो व तोही निवाड्यांच्या क्रमाने. परंतु या कायद्यामागे वाहतुकीचा, मालाचा आणि मजुरीचा एक प्रादेशिक इतिहास आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत तो कापूस, कोळसा आणि दक्षिणोत्तर महामार्ग या तिहींशी बांधलेला आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासाच्या आधारे मालट्रकविषयक सुरक्षा नियम आणि अपघाताच्या दाव्यातील कायदेशीर प्रश्न यांचा विचार केला आहे.

तांडा, बंडी आणि आगगाडी :

मालट्रक येण्यापूर्वी या मुलखातील मालवाहतूक लमाण तांड्यांच्या बैलांवर चाले. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून दूर मिर्झापूरपर्यंत जात असे आणि परतताना मीठ व इतर जिन्नस येत. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली तेव्हा हा व्यवसाय झपाट्याने मोडला. रेल्वे मात्र यवतमाळच्या पठारावर थेट आली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंदमापी लोहमार्गाची शाखा पडली, जी पुढे 'शकुंतला' या नावाने ओळखली गेली. मूर्तिजापूरला गाठी पुन्हा रुंदमापी डब्यात चढवाव्या लागत. घाटंजी, राळेगाव, केळापूर, उमरखेड हा बराचसा भाग तर या मार्गापासून दूरच राहिला. मोटारट्रकने या जिल्ह्यात लवकर मूळ धरले, त्याचे एक कारण रेल्वेच्या या अपुरेपणात शोधावे लागेल, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

माल वाहणाऱ्याच्या जबाबदारीचा कायदा त्या काळी अस्तित्वात होता. १८६५ च्या वाहक अधिनियमाने सार्वजनिक वाहकावर मालाच्या नुकसानीची कडक जबाबदारी टाकली होती. मालाचा धनी वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याच्या ओझ्यातून मुक्त होता. हा अधिनियम जवळजवळ दीड शतक टिकला. २००७ चा रस्ता वाहतूक अधिनियम २०११ मध्ये अमलात आला तेव्हा तो गेला. याउलट अपघातात माणूस मेला तर १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली दिवाणी दावा लावावा लागे. निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार वारसांवर असे आणि लाभार्थी म्हणून पती, पत्नी, आईवडील व अपत्ये एवढेच मानले जात. रुईच्या गाठीच्या मालकाला जो दिलासा सहज होता तो माणसाच्या वारसाला मिळायला पुढची सव्वाशे वर्षे जावी लागली.

वऱ्हाडची कायदेशीर अवस्था त्यातही निराळी होती. १८५३ च्या तहाने हा प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने घेतला गेला आणि पुढील वर्षी मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. नावापुरते सार्वभौमत्व मात्र निजामाचेच राहिले. परिणामी ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, ते अधिसूचनेने लागू करावे लागत. १८६४ मध्ये वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा जो स्वतंत्र जिल्हा झाला त्यालाच पुढे वणी जिल्हा हे नाव होते व १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळाले. या जिल्ह्यातील वकिलाला एखादा अधिनियम नागपुरात लागू आहे म्हणून यवतमाळातही आहे, असे गृहीत धरता येत नव्हते. ही गुंतागुंत दूर करण्यासाठी १९४१ साली वऱ्हाड कायदे अधिनियम करावा लागला.

परवान्याचा कायदा आणि सुरक्षेचा कायदा :

१९१४ चा पहिला अखिल भारतीय मोटार वाहन अधिनियम छोटेखानी होता. वाहनाची नोंदणी, चालकाचा परवाना आणि वेग एवढ्यापुरतीच त्याची मजल होती. १९३९ चा अधिनियम मोठा झाला, पण त्याची प्रेरणा सर्वस्वी सुरक्षेची होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. १९३२-३३ मधील मिचेल–कर्कनेस अहवाल आणि १९३६-३७ मधील वेजवूड समिती या दोहोंसमोर मुख्य चिंता होती ती मोटारीच्या स्पर्धेमुळे रेल्वेच्या घटणाऱ्या उत्पन्नाची. परमिट पद्धती, मार्गांची मर्यादा, सार्वजनिक व खासगी वाहक असा भेद यांचा उगम बऱ्याच अंशी या चिंतेत आहे. मालट्रकवरील आपले नियंत्रण पुढे दीर्घकाळ कागदांभोवती फिरत राहिले. गाडीची परमिट, कर, नोंदणी ही कागदपत्रे नाक्यावर तपासली जात, पण चालक किती तासांपासून जागा आहे हे विचारले जात नसे. त्याचे बीज येथे असावे.

वास्तविक १९३९ च्या अधिनियमात कामाच्या तासांचे कलम होते. चालकाकडून सलग पाच तासांहून अधिक काळ गाडी चालवून घेऊ नये, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असे ६५ वे कलम सांगे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली. मात्र तो अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. ज्याच्याकडे एकच ट्रक, त्यावर एक चालक आणि एक क्लीनर, असा मालक या चौकटीच्या बाहेर राहिला. आपल्याकडील मालवाहतुकीचा फार मोठा भाग नेमक्या अशा लहान मालकांच्या हाती आहे. ज्यांच्यासाठी नियम हवा होता त्यांनाच तो लागू नव्हता.

प्रवासी वाहतुकीची दिशा येथे वेगळी झाली. १९४७ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड मोटार वाहन (दुरुस्ती) अधिनियमाने प्रांतिक शासनाला संपूर्ण मोटार वाहतुकीचा व्यवसाय आपल्या हाती घेण्याची वाट मोकळी केली. त्याविरुद्ध बसमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. 'भिकाजी नारायण धाक्रस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या १९५५ च्या निवाड्यातूनच भारतीय संविधानशास्त्राला 'ग्रहणाचा सिद्धान्त' मिळाला. संविधानपूर्व कायदा मूलभूत हक्काशी विसंगत ठरला तरी तो मरत नाही, झाकोळला जातो, आणि पुढे संविधानदुरुस्तीने ती छाया दूर झाली की पुन्हा प्रकाशात येतो, असे न्यायालयाने म्हटले. विधीच्या विद्यार्थ्यांना हा सिद्धान्त पाठ असतो, परंतु तो आपल्याच प्रांतातील बसमालकांच्या भांडणातून निघाला हे क्वचितच सांगितले जाते. पुढे प्रवासी वाहतूक प्रांतिक परिवहन सेवेमार्फत व १९६१ पासून राज्य परिवहन महामंडळामार्फत मोठ्या प्रमाणात शासनाकडे आली. मालट्रक खासगीच राहिला. एस.टी.च्या चालकाला ड्यूटीची पाळी आणि आगार मिळाले, तर ट्रकचालकाला ढाबा मिळाला.

दाव्याचा मार्ग :

सक्तीच्या विम्याच्या तरतुदी १ जुलै १९४६ पासून अमलात आल्या. तरीही वारसांना दिवाणी न्यायालयातच जावे लागे व मागणीच्या रकमेच्या प्रमाणात न्यायशुल्क भरावे लागे. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची कल्पना आणली. हेच वर्ष यवतमाळच्या प्रशासकीय इतिहासातही संक्रमणाचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि नागपूरच्या उच्च न्यायालयाच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुदत तेव्हा अवघी साठ दिवसांची होती. घरात सुतक, पुढे पेरणी किंवा वेचणी, पोलिसांचे कागद हाती नाहीत, अशा अवस्थेत साठ दिवस म्हणजे काय हे ग्रामीण जीवन जाणणाऱ्यास सांगावे लागू नये. ही मुदत पुढे सहा महिने झाली आणि १९९४ मध्ये मुदतीची अटच काढून टाकण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने मात्र सहा महिन्यांची अट परत आणली व ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. इतिहासाच्या दृष्टीने पाहता ही माघार आहे, एवढे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे.

निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा प्रश्न १९७७ मध्ये ऐरणीवर आला. मुंबईतून गेलेल्या एका मालट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, चालकाचा दोष सिद्ध झाल्याशिवाय मालक वा विमा कंपनी जबाबदार ठरत नाही. न्यायालयाचे म्हणणे कायद्याच्या शब्दांना धरून होते. उणीव कायद्यात होती. रात्री महामार्गावर ट्रकने उडवलेल्या पादचाऱ्याच्या अपघाताला साक्षीदार कोठून आणावा? १९८२ च्या दुरुस्तीने ९२-अ हे कलम आले आणि दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये मिळू लागले. नव्या १९८८ च्या अधिनियमात या रकमा २५,००० व १२,००० आणि १९९४ मध्ये ५०,००० व २५,००० झाल्या. एप्रिल २०२२ पासून त्यांची जागा घेणाऱ्या १६४ व्या कलमाखाली मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद आहे.

९२-अ या कलमाची व्याप्ती ठरवणारे महत्त्वाचे प्रकरण महाराष्ट्रातलेच आहे. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी सातारा जिल्ह्यात पुणे–बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर व ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्याखाली कलंडला व पेट्रोल सांडत राहिले. काही तासांनी, उजाडल्यावर, जमलेल्या गावकऱ्यांमध्ये स्फोट झाला. कलंडून पडलेल्या टँकरचा 'वापर' चालू होता काय, हा वाद होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'वापर' या शब्दाचा व्यापक अर्थ घेऊन वारसांच्या बाजूने निर्णय दिला.

ट्रकवरची माणसे :

यवतमाळसारख्या जिल्ह्यात सर्वांत कठीण कायदेशीर प्रश्न ट्रकने उडवलेल्या माणसाचा नसून ट्रकमध्ये बसलेल्या माणसाचा आहे. वेचणीला जाणाऱ्या बाया, लग्नाचे वऱ्हाड, पुसद–दिग्रस भागातील तांड्यांवरून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे, बाजाराहून परतणारे शेतकरी हे सर्व कधी ना कधी मालवाहू वाहनातून प्रवास करतात, कारण त्या वेळी त्या रस्त्याला दुसरे वाहन नसते. ज्या समाजाने एकेकाळी बैलांवरून साऱ्या मुलखाचा माल वाहिला, त्याच समाजाची माणसे आता मालाच्या जागी बसून नेली जातात, ही इतिहासाची विचित्र उलटापालट होय.

मालवाहू वाहनातून माणसे नेण्यावर नियमांनी बंधने घातली आहेत. बंधन मोडले गेले आणि ट्रक उलटला, तर विमा कोणाचा? १९८८ च्या अधिनियमाचे शब्द पाहून १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रवाशांनाही विम्याचे संरक्षण आहे असे म्हटले. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध आशाराणी या २००२ च्या निर्णयाने ती भूमिका उलटवली. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक वा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांचा समावेश झाला, यावरून इतर प्रवासी कक्षेबाहेर आहेत, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. २००७ मधील एका निर्णयात तर मालाचा मालकही केबिनमध्ये बसलेला असावा, मालावर नव्हे, असे सांगितले गेले.

तर्क म्हणून हे अचूक आहे. हप्ता न घेतलेल्या जोखमीचे पैसे विमा कंपनीने का द्यावेत? परंतु प्रत्यक्षात काय होते ते पाहावे. आपल्या वीस मण कापसाबरोबर जिनिंगला निघालेला शेतकरी केबिनमध्ये जागा नाही म्हणून गंजीवर बसतो. त्याच्या मृत्यूनंतर विमा कंपनी सुटते आणि उरतो तो ट्रकमालक, ज्याच्याकडे बँकेकडे गहाण असलेल्या त्या मोडक्या ट्रकखेरीज काही नसते. हुकूमनामा हाती येतो, पैसा येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बलजितकौर प्रकरणात यावर तोड काढली. विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा तो आदेश होता. त्याच वर्षी स्वर्णसिंग प्रकरणात चालकाच्या सदोष परवान्याबाबतही असाच मार्ग मान्य झाला. 'आधी द्या, मग वसूल करा' या सूत्राला अधिनियमात सर्वत्र स्पष्ट आधार नाही, आणि फुकट प्रवाशांच्या बाबतीत ते प्रत्येक वेळी लागू होईलच अशी खात्री देता येत नाही. वारसाचे भवितव्य न्यायाधिकरणाच्या विवेकावर राहते.

या ठिकाणी शासनाची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. वेचणीच्या हंगामात गावोगावी पुरेशी प्रवासी वाहने उपलब्ध नाहीत हे ठाऊक असूनही ट्रकमधील प्रवास केवळ नियमभंग म्हणून पाहिला जातो. मजुराने तो नियमभंग स्वखुशीने केलेला नसतो.

कोळसा, वजनकाटा आणि अधिभार :

वणी तालुक्यातील राजूर परिसर चुन्याच्या भट्ट्या व कोळसा यांसाठी जुना प्रसिद्ध. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सच्या स्थापनेनंतर उकणी, जुनाड, कोलारपिंप्री, निलजई अशा खुल्या खाणी वाढत गेल्या. खाणीतून रेल्वे सायडिंगपर्यंत व कारखान्यांपर्यंत कोळसा ट्रकने जातो. वणी–घुग्घुस–चंद्रपूर मार्गाने प्रवास केलेल्यास त्या काळ्या धुळीचे वर्णन करण्याची गरज नाही. त्यात नदीपात्रातील रेतीचे टिप्पर आणि २०२२ पासून मुकुटबनच्या सिमेंट कारखान्याची वाहतूक यांची भर पडली आहे. दुसरीकडे वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या मार्गाने आदिलाबादकडे जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्र. ७, आताचा ४४, उत्तर व दक्षिण भारतातील अवजड वाहतुकीची मुख्य वाहिनी आहे. पिंपळखुटीच्या सीमेवरील तपासणी नाका त्याच मार्गावरचा.

क्षमतेपेक्षा अधिक भरलेला ट्रक उशिरा थांबतो, वळणावर कलतो, त्याचे टायर फुटतात. हे भौतिकशास्त्र आहे, पण कायद्याने ते दीर्घकाळ महसुलाचे प्रकरण मानले. काही राज्यांनी ठराविक रक्कम आगाऊ घेऊन जादा भार वाहू देणारी 'गोल्ड कार्डे' दिली होती. परमजित भसीन प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार बेकायदेशीर ठरवला. दंड भरून अतिरिक्त माल तसाच पुढे नेता येत नाही, तो उतरवावाच लागतो, हे तत्त्व त्यामुळे पक्के झाले. जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने दोन आसांच्या ट्रकचे अनुज्ञेय एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेले. जे कालपर्यंत बेकायदा होते त्यातले काही एका अधिसूचनेने कायदेशीर झाले. १ सप्टेंबर २०१९ पासून जादा भारासाठी किमान दंड २,००० वरून २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे १,००० ऐवजी २,००० रुपये झाला.

दंड वाढला, पण तो बहुधा रस्त्यावर आकारला जातो. माल भरला जातो तो खाणीत, जिनिंगमध्ये, रेतीघाटावर. तेथे वजनकाटा असतो आणि वजनाची पावतीही असते. अधिनियमातील 'चालवतो, चालवण्यास लावतो किंवा चालवू देतो' या शब्दांत मालकापर्यंत पोहोचण्याची सोय आहे. माल भरून देणाऱ्यापर्यंत मात्र जबाबदारी क्वचितच जाते. अपघाताच्या दाव्यात वजनाची पावती पुरावा म्हणून मागवली, तर निष्काळजीपणाचा प्रश्न केवळ चालकाच्या पायाखालच्या ब्रेकपुरता राहणार नाही. दावेदारांच्या वकिलांनी या बाजूकडे अधिक लक्ष द्यावयास हवे, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

चालक आणि क्लीनर :

गुजरातमधील स्कँडिया प्रकरणात चालक ट्रक चालू ठेवून खाद्यपदार्थ आणण्यास उतरला, क्लीनरने गाडी हलवली आणि अपघात झाला. क्लीनरकडे परवाना नव्हता म्हणून विमा कंपनीने हात वर केले. १९८७ च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की मालकाने परवानाधारक चालक नेमला होता, त्याने स्वतः अट मोडलेली नाही, म्हणून कंपनी सुटू शकत नाही. या निवाड्याचे महत्त्व कायद्यापुरतेच नाही. क्लीनर हा आपल्या ट्रकवरचा विनाकागद शिकाऊ उमेदवार आहे. तो टायर बदलतो, काच पुसतो, मागे घेताना हाक देतो आणि चालक झोपला की नकळत चाकावर बसतो. त्याच पद्धतीने आपले बहुसंख्य ट्रकचालक तयार झाले.

फौजदारी बाजूने पाहता १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत आलेले ३०४-अ हे कलम दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही मर्यादा पाच वर्षे झाली. अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे १०६ (२) हे पोटकलम मात्र जानेवारी २०२४ मधील चालकांच्या संपानंतर अमलात आणले गेले नाही. चालकांचे म्हणणे होते की थांबलो तर जमाव मारतो. ते सर्वथा खोटे नाही. परंतु जखमी माणूस रस्त्यावर टाकून जाणे हेही तितकेच भीषण आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिन वातानुकूलित असाव्यात, असा नियम आला. विदर्भाचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा सुरक्षेचा नियम वाटेल, चैनीचा नव्हे.

दाव्याच्या कागदांतील जिल्हा :

१९ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, सोलापूरकडून नागपूरच्या दिशेने स्थलांतरित मजुरांना घेऊन जाणारी एस.टी. बस आर्णी तालुक्यात कोळवणजवळ मालट्रकवर आदळून चार जण मृत्युमुखी पडले. दोन वाहनांच्या अशा अपघातात दोष कोणाचा किती, याचा निवाडा होईपर्यंत वारसांनी थांबावे काय? 'खेन्येई' प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याचा स्वतःचा काही दोष नाही असा दावेदार दोहोंपैकी कोणत्याही एकाकडून संपूर्ण भरपाई वसूल करू शकतो. त्यांनी आपसातला हिशेब नंतर पाहावा.

भरपाईची रक्कम मात्र उत्पन्नावर ठरते. सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या निर्णयांनी गुणकाचे कोष्टक व भावी उत्पन्नाची टक्केवारी निश्चित केली. पगारदाराचे उत्पन्न पगारपत्रकावरून कळते. कोरडवाहू कपाशीच्या शेतकऱ्याचे कसे ठरवावे? सातबाऱ्यावर क्षेत्र असते, नफा नसतो. जमीन मागे उरते म्हणून उत्पन्न बुडाले नाही, असाही युक्तिवाद केला जातो. तेव्हा ती जमीन कसणाऱ्या माणसाच्या देखरेखीचे मोल न्यायालयाला अंदाजाने धरावे लागते. वेचणी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर घरकाम व मजुरी अशी दोन्ही मोले एकत्र येतात.

यवतमाळ, पुसद, पांढरकवडा येथील न्यायाधिकरणांतील दाव्यांचे कागद या दृष्टीने सामाजिक इतिहासाचे मोलाचे साधन आहेत. शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न किती, गड्याला साल किती, वेचणीचा दर काय, ट्रकवर किती जण होते आणि ते कोठे चालले होते, हे शपथेवर सांगितलेले तपशील अन्यत्र क्वचितच सापडतात. निकाली प्रकरणांचे अभिलेख ठराविक मुदतीनंतर नियमानुसार नष्ट केले जातात. इतिहास, अर्थशास्त्र आणि विधी या विभागांतील अध्यापकांनी जिल्हा न्यायालयाची रीतसर परवानगी घेऊन, दावेदारांची नावे वगळून, या कागदांतील नोंदी एकत्र करण्याचे काम हाती घेतल्यास आरंभ जुन्या फायलींपासून करावा लागेल, कारण मुदत आधी त्यांचीच संपते.